सम्पमधला हीटर : एक मोठा की दोन छोटे?

मागच्या भागात आपण सम्पचे खण आणि रिटर्न पंप पाहिला. आज हीटरकडे वळू. थंडी पडायला लागली की इंदूर, नागपूर, दिल्लीहून एकच प्रश्न येतो : "दादा, सम्पवाली टाकी आहे, किती वॉटचा हीटर घेऊ?" उत्तर देण्याआधी माझीच एक चूक सांगतो.

इंदूरच्या आमच्या घरी मी पहिली सम्पवाली टाकी लावली, ती ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच होती. खालचा सम्प धरून पाणी साधारण २०० लिटर. "मोठाच घेतो, पाणी लवकर तापेल," असं म्हणून मी ३०० वॉटचा एकच हीटर आणला. डिसेंबरातल्या एका रात्री तो चालू झाला आणि बंद झालाच नाही. सकाळी पाणी ३३ अंशांवर होतं. सहा एंजल माशांपैकी चार गेले होते. उरलेले दोघे पृष्ठभागाशी तोंड आणून धापा टाकत होते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि माशाला मात्र तो जास्त लागतो. दोन्हीकडून मार बसतो.

तेव्हापासून हीटर निवडताना मी एकच प्रश्न विचारतो : हा बिघडला तर काय होईल?

बिघाड दोन प्रकारचे

साध्या हीटरमध्ये दोन धातूंची एक पट्टी असते. पाणी तापलं की ती वाकते आणि वीज तुटते. पाणी गार झालं की परत जोडली जाते. दर वेळी तिथे बारीक ठिणगी पडते. हजारो वेळा असं झालं की कधीतरी कॉन्टॅक्ट चिकटतात आणि हीटर चालूच राहतो. दुसरा बिघाड म्हणजे हीटर सरळ बंद पडतो. बंद पडला तर पाणी हळूहळू गार होतं, आपल्या लक्षात यायला वेळ मिळतो. चालू राहिला तर एका रात्रीत खेळ संपतो.

आधी आपली टाकी मोजा

"लिटरला एक वॉट" हा दुकानातला हिशोब ढोबळ आहे. चेन्नईतल्या टाकीला आणि दिल्लीतल्या टाकीला तोच हिशोब कसा चालेल? त्यापेक्षा घरच्या घरी मोजा. थंडीच्या रात्री खोली गार असताना हीटर बंद करा, पंप चालू ठेवा आणि दोन तासांत पाणी किती उतरतं ते पाहा. मग लिटर गुणिले उतरलेले अंश गुणिले १.१६, आणि त्याला तासांनी भागा. जो आकडा येईल, तेवढे वॉट तुमची टाकी त्या वेळी गमावत होती.

माझ्या टाकीचं उदाहरण घ्या. खोली १६ अंश, पाणी २६ अंश. दोन तासांत पाणी १ अंश उतरलं. २०० गुणिले १.१६ म्हणजे २३२, भागिले २ म्हणजे ११६ वॉट. खोली आणि पाण्यात १० अंशांचा फरक होता, म्हणजे दर अंशामागे सुमारे १२ वॉट.

आता माझी चूक बघा. ३०० भागिले १२ म्हणजे २५. तो हीटर चिकटला की पाण्याला खोलीपेक्षा २५ अंश वर, म्हणजे ४१ अंशांपर्यंत नेण्याची ताकद त्याच्यात होती! सकाळी माझी नजर पडली म्हणून तो ३३ वर थांबला.

त्याऐवजी १०० वॉटचे दोन हीटर लावले असते तर? एक चिकटला तर तो एकटा पाणी खोलीपेक्षा ८ अंशच वर ठेवू शकतो, म्हणजे २४. वरचे दोन अंश दुसरा भरून काढतो आणि वेळेवर बंद होतो. आणि एक बंदच पडला तरी दुसरा पाणी २४ च्या आसपास धरून ठेवतो. एंजल मासे तेवढं सोसतात. दोन्ही बिघाडांत मासे वाचतात, ही खरी गंमत आहे. दोन्ही मिळून २०० वॉट म्हणजे नेहमीच्या गरजेच्या वर थोडी शिल्लकही राहते.

एक जोड द्या : झाकण. एक लिटर पाणी उडून जाताना भरपूर उष्णता घेऊन जातं. रोज एक लिटर उडत असेल तर ती गळती सरासरी २८ वॉटची होते. सम्पवर साधं झाकण ठेवलं तरी विजेचं बिल कमी येतं.

सम्पमध्ये नेमका कुठे?

बरेच जण हीटर रिटर्न पंपाच्या खणात टाकतात. तिथे ठेवू नका. पाणी उडालं की पातळी उतरते ती त्याच खणात. चार दिवस गावाला गेलात की हीटर उघडा पडतो, कोरडा तापतो, आणि परत आल्यावर गार पाणी ओतलं की काच तडकते. मधल्या खणात आडभिंतीमुळे पातळी कायम राहते. हीटर तिथे ठेवा. पूर्ण बुडणारा असेल तर खाली आडवा, पाणी वाहतं अशा जागी.

"मग वरच्या टाकीत ऊब पोहोचते का?" पोहोचते. पंप तासाला १००० लिटर पाणी फिरवत असेल तर २०० वॉट चालू असतानाही सम्प आणि टाकी यांत ०.२ अंशांचाही फरक राहत नाही. हा फरक एक अंशावर गेला तर पंपात कचरा अडकलाय असं समजा.

कंट्रोलर आणि त्याचा सेन्सर

दोन्ही हीटर एका बाहेरच्या डिजिटल कंट्रोलरला जोडा. कंट्रोलर २६ वर, आणि हीटरवरचे आकडे २७ वर. रोजचं काम कंट्रोलर करेल. त्याचा रिले चिकटला तर हीटरमधली पट्टी २७ ला वीज तोडेल. एका दाराला दोन कुलपं.

सेन्सर सम्पमध्येच ठेवा, हीटरच्या खणात, पण त्याला न चिकटवता. तो वरच्या टाकीत ठेवला आणि रिटर्न पंप बंद पडला, तर कंट्रोलरला वरचं गार पाणीच दिसत राहील. खाली सम्पमधल्या ४० लिटरला २०० वॉट मिळाले तर पाणी तासाला ४ अंशांहून जास्त वेगाने चढतं. सेन्सर घट्ट बांधा. तो पाण्याबाहेर पडला तर खोलीची हवा मोजत बसेल आणि हीटर चालूच ठेवेल. वरच्या टाकीत मात्र वेगळं थर्मामीटर हवंच, कारण पंप बंद पडला की सम्प उबदार आणि टाकी गार, असं गुपचूप घडतं.

वीज आणि उन्हाळा

अर्थिंग तपासा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. वायर प्लगपाशी येण्याआधी खाली लोंबू द्या, म्हणजे ओघळणारं पाणी बोर्डात न जाता खाली पडेल. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा. वीज गेली तर इन्व्हर्टरवर हवेचा पंप चालवा, हीटर नको. दोन-चार अंशांच्या थंडीआधी माशाला प्राणवायूची अडचण होते.

शेवटचं, आणि लोक हेच विसरतात. मे महिन्यात खोलीच ३४ अंशांवर असते. तेव्हा १०० वॉटचा छोटा हीटरही चिकटला तर पाणी ४२ कडे जाईल. हिवाळ्यात वाचवणारं गणित उन्हाळ्यात उलटतं. म्हणून होळी झाली की हीटरचे प्लग काढून ठेवा. मुंबई, गोवा, चेन्नईकरांनी तर थंडीत आधी आठवडाभर पहाटेचं तापमान लिहून काढावं. माशांना चालेल एवढं पाणी आपोआप राहत असेल तर हीटर घेऊच नये.

आज रात्री एवढंच करा : थर्मामीटर बघा, आकडा लिहा, दोन तासांनी पुन्हा बघा. आपल्या टाकीचा आकडा हातात असला की दुकानात काय मागायचं ते आपोआप कळेल. पुढच्या भागात भेटू, उन्हाळ्यात पाणी गार ठेवण्याच्या गोष्टी घेऊन. नमस्कार.