एक पुडी, एक लिटर पाणी

पावसाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले की दवाखान्यातल्या बाकावर जुलाबाचे रुग्ण दिसू लागतात. गढूळ पाणी, नळाच्या गळक्या जोडातून आत शिरणारी घाण आणि माश्या या तिघांची ही कामगिरी. अशाच एका दुपारी एक बाई दहा महिन्यांच्या बाळाला घेऊन आल्या. बाळाचे डोळे खोल गेले होते. रडताना डोळ्यांत पाणी येत नव्हते. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती सावकाश सपाट होत होती. पहाटेपासून लघवी झालेली नव्हती.

‘‘जलसंजीवनी दिली का?’’ मी विचारले.

‘‘दिली ना डॉक्टर. पण पोरगं तोंडच लावंना. दोन-तीन चमचे गेले असतील.’’

‘‘किती पाण्यात कालवली होती?’’

‘‘पेलाभर. पातळ केली तर ताकद कमी होईल, म्हणून सगळी पुडी पेल्यातच टाकली.’’

पुडी एक लिटर पाण्याची होती. पेला फार तर 200 मिलिलिटरचा. म्हणजे औषध पाचपट दाट झाले होते. बाळाने ते नाकारले, हे त्याचे नशीबच म्हणायचे.

बाईंबरोबर त्यांचा थोरला मुलगा होता, सातवीतला, शाळेतून परस्पर आलेला. मी सहज विचारले, ‘‘द्रावण म्हणजे काय रे?’’ त्याने एका दमात सांगितले, ‘‘दोन किंवा अधिक पदार्थांच्या समांगी मिश्रणास द्रावण असे म्हणतात.’’ पचनसंस्थेचे अवयवही त्याने तोंडापासून गुदद्वारापर्यंत न अडखळता म्हणून दाखवले. दोन्ही धडे त्याला पाठ होते. पण त्या दोन धड्यांची गाठ आपल्या धाकट्या भावाच्या पोटात पडते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आणि दोष त्याला तरी का द्यावा? आपण थोरांनीही ते दोन धडे वेगवेगळेच पाठ करून परीक्षा दिली.

वाचकहो, घरात तीन पेले पाणी घ्या. एकात चमचाभर साखर, दुसऱ्यात चमचाभर कणीक आणि तिसऱ्यात थोडे दूध घालून ढवळा. साखर दिसेनाशी होते आणि कितीही वेळ ठेवली तरी तळाशी बसत नाही. हे द्रावण. कणीक पाण्यात तरंगते आणि थोड्या वेळाने खाली बसते. हे निलंबन. दूध या दोहोंच्या मधले. ते तळाशी बसत नाही, पण खऱ्या अर्थाने विरघळलेलेही नसते. स्निग्धाचे व प्रथिनांचे अतिसूक्ष्म कण त्यात विखुरलेले असतात. खोलीत अंधार करून तिन्ही पेल्यांतून बॅटरीचा झोत सोडून पाहा. साखरेच्या पाण्यात झोताची वाट दिसत नाही, दुधाच्या पाण्यात ती दिसते. अशा मिश्रणाला कलिल म्हणतात. मुलांना हा खेळ फार आवडतो.

आता ताटातले अन्न पाहा. भाकरी, भात, वरण, भाजी यांतले फारच थोडे पाण्यात विरघळणारे आहे. आतड्याच्या भिंतीला मात्र भाकरीचा तुकडा घेता येत नाही. तिच्यातून रक्तात जायचे तर पदार्थ विरघळलेला किंवा अत्यंत बारीक झालेला हवा. पचन म्हणजे निलंबनाचे द्रावण करण्याचा उद्योग, असे म्हटले तरी चालेल.

हा उद्योग तोंडातच सुरू होतो. भाकरीचा घास दोन-तीन मिनिटे चावत राहा, तो गोड लागू लागेल. लाळेतील विकराने पिठातील स्टार्चचे तुकडे पाडून साखर केलेली असते. जठरात आम्ल आणि प्रथिने तोडणारा रस मिसळतो. बाळाने ओकलेले दूध फुटके दिसले की आयांचा जीव खालीवर होतो, ‘‘दूध नासलं, बाधलं’’ म्हणून अंगावर पाजणेही बंद करतात. तसे मुळीच करू नये. पनीर करताना लिंबू पिळल्यावर जे होते, तसेच काहीसे जठरात रोज, प्रत्येक निरोगी बाळाच्या पोटात होते. दुधाचे कलिल फुटल्याशिवाय त्याचे पचन पुढे सरकतच नाही.

पुढे लहान आतड्यात पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येतो. तेलकट ताटाला नुसते पाणी लागत नाही, साबणाने तेलाचे बारीक थेंब होऊन ते निघते. पित्ताचे काम तसेच. मोठ्या थेंबांचे बारीक थेंब झाले की विकरे त्यांवर तुटून पडतात. शेवटी स्टार्चचे ग्लुकोज होते, प्रथिनांची अमिनो आम्ले होतात आणि मखमलीसारख्या आतड्याच्या अस्तरातून ती आत जातात.

या सगळ्याला पाणी किती लागते, हे ऐकून आश्चर्य वाटेल. मोठ्या माणसाच्या आतड्यात पिण्याचे पाणी आणि शरीराने स्वतः सोडलेले पाचकरस मिळून दिवसाला सुमारे 8 ते 9 लिटर पाणी येते. त्यातले जवळजवळ सगळे शरीर परत शोषून घेते. शौचातून जेमतेम पाव लिटरही जात नाही. हा हिशेब बिघडला, आलेले पाणी परत घेता आले नाही, की त्यालाच आपण जुलाब म्हणतो. आठ किलोच्या बाळाची पुंजी ती केवढी! तिच्यातून दहा-बारा जुलाब गेले की डोळे खोल जायला वेळ लागत नाही.

मग नुसते पाणी पाजले तर? पुरत नाही, कारण जुलाबातून मीठही गेलेले असते, आणि पाणी आपण होऊन आत शिरत नाही. ते मिठाच्या मागोमाग जाते. आतड्याच्या पेशींवर एक खास दार आहे. त्यातून मिठातील सोडियम आणि ग्लुकोज हे जोडीने आत जातात आणि पाठोपाठ पाणी. ही जोडी 1960 साली रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने मांडली. कॉलऱ्यासारख्या भयंकर जुलाबातही हे दार उघडे राहते. जलसंजीवनीत साखर असते ती चवीसाठी नव्हे, ताकदीसाठीही नव्हे. ती मिठाचा हात धरून त्याला आत नेण्यासाठी असते.

म्हणूनच प्रमाणाला महत्त्व. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. बाहेरचे द्रावण दाट असले की आतले पाणी बाहेर ओढले जाते. एका पेल्यात अख्खी पुडी कालवली तर आतड्यात हेच होते. आधीच सुकलेल्या शरीरातले पाणी आतड्यात उतरते, जुलाब वाढतात, रक्तातील मीठ वाढून झटकेही येऊ शकतात. उलट, पाणी जास्त झाले तर मीठ अपुरे पडते.

या साध्या द्रावणाचे सामर्थ्य जगाला दिसले ते 1971 साली. बांगलादेश मुक्तियुद्धातील निर्वासित लाखोंनी पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ आणि 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा असे एक लिटर पाण्याचे प्रमाण ठरवून पुड्या भरून घेतल्या. पिंपातले द्रावण नातेवाइकांच्याच हाती देऊन रुग्णांना पाजायला सांगितले. तीस टक्क्यांच्या आसपास गेलेला मृत्युदर चार टक्क्यांच्याही खाली आला. महालनबीस 2022 साली वारले. 2023 साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. हयातीत मिळाले असते तर बरे झाले असते, एवढेच म्हणतो.

आजच्या पुडीचे प्रमाण 2002 साली सुधारलेले आहे. लिटरच्या पुडीत एकूण 20.5 ग्रॅम औषध असते: ग्लुकोज 13.5, मीठ 2.6, सायट्रेट 2.9 आणि पोटॅशियम क्लोराईड 1.5 ग्रॅम. बाजारात 200 मिलिलिटरच्या छोट्या पुड्याही मिळतात, आणि घोटाळा होतो तो इथेच. पुडीवर किती पाण्याचा आकडा छापला आहे तो आधी वाचावा आणि तेवढेच उकळून गार केलेले पाणी मोजून घ्यावे. पुडी अर्धी-मुर्धी वापरू नये, केलेले पाणी 24 तासांनंतर टाकून द्यावे. दुकानात मिळणारी गोड, रंगीत पेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे. काही पेयांच्या नावातच ‘ओआरएस’ ही अक्षरे होती. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याला मनाई केली.

पुडी मिळालीच नाही तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चाखून पाहावे, अश्रूंपेक्षा खारट नको. सहा महिन्यांवरील मुलाला तांदळाची मीठ घातलेली पातळ पेजही चालते, कारण पेजेतील स्टार्चचे आतड्यात हळूहळू ग्लुकोजच होते. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबामागे 50 ते 100 मिलिलिटर, त्याहून मोठ्याला 100 ते 200 मिलिलिटर द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचे हलके अन्न बंद करू नये.

या पाण्याने जुलाब लगेच थांबत नाहीत. ‘‘पाजलं तरी परसाकडला होतंच’’ म्हणून कित्येक जण ते सोडून देतात. जुलाब आपल्या गतीने थांबतील, तोवर बाळ सुकू नये यासाठी हे पाणी. बरोबर झिंकच्या गोळ्या 14 दिवस द्यायच्या असतात. त्याने जुलाबाचे दिवस कमी होतात. सहा महिन्यांपुढील मुलांना रोज 20 मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळांना 10. शौचात रक्त दिसले, बाळ मलूल पडले, पिईनासे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर मात्र घरी बसू नये. तेव्हा शिरेतून सलाईन लागू शकते.

त्या दिवशी मी बाईंना दवाखान्यातच थांबवून घेतले. थोरल्याच्या हाती लिटरची बाटली आणि नवी पुडी दिली. पाणी त्याने बाटलीच्या खुणेपर्यंत मोजून भरले, पुडी टाकली आणि तळाला एकही कण राहिला नाही हे उजेडात धरून पाहिले. बाळाचे वजन आठ किलो, म्हणजे चार तासांत 600 मिलिलिटर द्यायचे. दर दोन मिनिटांना एक चहाचा चमचा. चमचा आईच्या हाती, घड्याळ त्याच्या हाती. सुरुवातीचे चार-पाच चमचे बाळाने बाहेर काढले, मग चटाचटा पिऊ लागले. मध्ये दोनदा आईने अंगावर पाजले. साडेपाचच्या सुमारास मी दुसऱ्या रुग्णाला तपासत होतो, तेवढ्यात थोरला पडदा बाजूला करून आत आला.

‘‘काका, त्यानं शू केली. आईच्या लुगड्यावरच.’’