पिशवीच्या तोंडाची लांबी

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं. पण अकाली प्रसूतीची, म्हणजे ३७ आठवडे भरण्याआधीच्या बाळंतपणाची चाहूल देणारा आकडा आईच्या गर्भाशयमुखाचा असतो. १८ ते २४ आठवड्यांत त्याची लांबी २५ मिलिमीटरहून कमी भरली, तर धोका वाढतो. नेमकं माप योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीतच मिळतं, तेही लघवी करून आल्यावर. भरलेल्या मूत्राशयाच्या दाबाने आखूड मुखही लांब दिसतं. या तपासणीचा संकोच वाटणं साहजिक आहे, पण बाळाला तिचा अपाय नाही. आकडा कमी आला म्हणून हाय खाऊ नये, अशा कित्येकींचे दिवस पूर्ण भरतात. शिवाय योनीमार्गात ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळीने धोका कमी करता येतो. आधीचं बाळंतपण लवकर झालं असेल, तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना आवर्जून सांगा.