इन्कम टॅक्सच्या धाकाने अडलेली भाडेपावती

जून-जुलै उजाडला की जळगाव आणि धुळ्यात खोल्यांची शोधाशोध सुरू होते. चोपडा, साक्री, शिरपूरकडची आमची मुले कॉलेजसाठी शहरात येतात. आडनाव ऐकताच 'खोली कालच गेली' म्हणणारे घरमालक आजही भेटतात; त्यांचा समाचार पुन्हा कधीतरी घेऊ. आज प्रश्न खोली मिळाल्यानंतरचा आहे. भाडे रोख घेतले जाते आणि पावती मागितली की उत्तर मिळते, "कागद केला की इन्कम टॅक्स मागे लागतो."

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्या अर्जाला भाड्याने राहत असल्याचा पुरावा लागतो. घरमालकाने सही नाकारली की मुलाचा अर्ज तिथेच अडतो. म्हणून हा धाक कितपत खरा, ते आकड्यांनीच पाहू.

समजा, महिना 6,000 भाडे. वर्षाचे 72,000. मालकाने त्याच वर्षात स्वतः भरलेली 4,000 घरपट्टी वजा जाता 68,000 राहिले. त्यावर 30 टक्के सरसकट वजावट, म्हणजे 20,400. उरले 47,600. घरासाठी कर्ज असेल तर त्याचे व्याजही यातून वजा होते. शिवाय 2025-26 या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत पगार, भाडे अशा नेहमीच्या उत्पन्नाची बेरीज 12 लाखांपर्यंत असेल तर कर शून्य होतो. मग एक खोली भाड्याने देणारा घाबरतो कशाला?

त्या 30 टक्क्यांची गोष्ट भाडेकरूंनीही ध्यानात ठेवावी. पूर्वी दुरुस्ती, विमा, भाडेवसुली यांच्या वजावटी वेगवेगळ्या होत्या. 2001 च्या वित्त कायद्याने त्या मोडून एकच वजावट केली आणि 2025 च्या नव्या आयकर कायद्यातही ती कायम आहे. वर्षभरात एक खिळा ठोकला नाही तरी ती मिळते. लाखभर खर्चून स्लॅब नवा घातला तरी जास्त मिळत नाही. तेव्हा पावसात छत गळत असताना 'दुरुस्ती परवडत नाही' म्हणणाऱ्या मालकाने ही सवलत कधीच खिशात घातलेली असते. वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगे ठेवणे 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने त्याच्यावरच टाकले आहे.

आता आपल्यातही घरमालक झाले आहेत. भुसावळच्या रेल्वेत, वरणगावच्या आयुध निर्माणीत नोकरी करून कर्जावर वरचा मजला चढवणारे. व्याज भाड्याहून जास्त झाले तर तो कायद्याने तोटा ठरतो. जुन्या करपद्धतीत तो वर्षाला 2 लाखांपर्यंत पगारातून वजा होतो, उरलेला पुढची 8 वर्षे घरभाड्याच्या उत्पन्नातून वळता करता येतो. नव्या पद्धतीत पगारातून वजा होत नाही. भाडेकरू भाडे बुडवून गेला तर ते बुडीत भाडेही अटींवर उत्पन्नातून वगळता येते. पण भाडे ठरले किती नि बुडाले किती, हे दाखवायला करार लागतो. कागद टाळणारा मालक इथे स्वतःचेच नुकसान करतो.

लेखी, नोंदणीकृत करार करून घेण्याची जबाबदारी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 ने मालकावर ठेवली आहे. तसा करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. पावती देणे कलम 31 ने सक्तीचे आहे, न देणे गुन्हा आहे. स्वाधारचा अर्ज भरणाऱ्या मुलांनी पहिल्या महिन्याचे भाडे देतानाच पावती मागावी, आणि तिच्यावर घराचा पत्ता, महिना, रक्कम व मालकाची सही आहे ना, हे तिथेच पाहून घ्यावे.