यंत्राचा सातबारा

कोलकात्याच्या उत्तरेला, बराकपूर ट्रंक रोडवरच्या बरानगरात, भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ साली इंग्लंडहून एक यंत्र येऊन दाखल झाले. नाव एचईसी-टूएम. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आखणीत गुंतलेले संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांना आकडेमोडीसाठी असे काहीतरी हवेच होते. भारतातला हा पहिला डिजिटल संगणक. मोही मुखर्जी आणि अमरेश रॉय इंग्लंडला जाऊन त्याचे शिक्षण घेऊन आले होते. यंत्र उभे करणारे तेच आणि चालवणारेही तेच. त्याची मेमरी म्हणजे गरगर फिरणारा चुंबकीय ड्रम, त्यावर जागा १०२४ शब्दांची.

एवढ्याशा जागेत कुठे काय ठेवायचे, हे प्रोग्रॅम लिहिणारा कागदावर मांडून घेई. ड्रमच्या यंत्रांवर काम करणारे लोक तर आणखी एक हिशेब करत: एक सूचना पार पडेपर्यंत ड्रम किती फिरलेला असेल, आणि पुढची सूचना कुठल्या घरात ठेवली तर ती वाचणाऱ्या हेडखाली नेमकी वेळेवर येईल. घर चुकले तर पूर्ण फेरा होईपर्यंत थांबायचे. पुढे याच संस्थेने जादवपूर विद्यापीठाच्या जोडीने ट्रान्झिस्टरवर चालणारा आयसिजू-१ बांधला आणि एप्रिल १९६६ मध्ये केंद्रीय शिक्षणमंत्री महंमद करीम छागला यांच्या हस्ते तो सुरू झाला. या यंत्रांपाशी बसणाऱ्याला मेमरी किती आणि कुठून कुठवर, हे यंत्राला विचारावे लागत नव्हते. ते त्याला पाठच असे.

त्याच शहरात आज चांदनी चौक मेट्रो स्टेशनच्या आसपास संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार भरलेला असतो. मदरबोर्ड एका कंपनीचा, रॅमच्या पट्ट्या दुसऱ्या कंपनीच्या, ग्राफिक्स कार्ड तिसरीकडचे. दुकानदार काउंटरवरच जोडणी करून देतो. त्यात घालायची ऑपरेटिंग सिस्टिम ज्यांनी लिहिली, त्यांनी ही जोडणी कधी पाहिलेली नसते. म्हणून सुरू होता होता तिला पहिला प्रश्न पडतो तो मेमरीचा. उत्तर देतो फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरच्या छोट्या चिपमध्ये मुक्कामाला असलेला प्रोग्रॅम. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत, आता यूईएफआय.

बटण दाबल्यावर पहिले काही क्षण रॅम असून नसल्यासारखी असते. प्रोसेसर थेट फर्मवेअरच्या चिपमधल्या सूचना वाचू लागतो आणि टिपणे ठेवायला स्वतःच्या कॅशचा तुकडा वापरतो. रॅमच्या प्रत्येक पट्टीवर एक इवलीशी चिप असते. तिच्यात त्या पट्टीची क्षमता आणि वेग नोंदलेला असतो. फर्मवेअर ती नोंद वाचतो, विजेच्या इशाऱ्यांची वेळ जुळवून घेतो, आणि मगच रॅम बोलती होते. त्यानंतर सुरू होते वाटणी. थोडी मेमरी अंगभूत ग्राफिक्सला जाते, थोडी फर्मवेअर स्वतःसाठी राखतो, थोडीत हार्डवेअरचे तपशील सांगणारी कोष्टके मांडतो. उरलेली ऑपरेटिंग सिस्टिमची.

या वाटणीचा दाखला ऑपरेटिंग सिस्टिमला कसा द्यायचा? बायोसची जुनी सेवा एका सोळा बिटांच्या आकड्यात 'एक एमबीच्या वरची मेमरी इतके केबी' एवढेच सांगे. चौसष्ट एमबीशी तिची मोजणी संपे. शिवाय ती किती ते सांगे, कुठे ते सांगत नसे. नव्वदच्या दशकात तिच्या जागी जी सेवा रूढ झाली, तिला कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, काम करणारे लोक आजही तिच्या क्रमांकाने ओळखतात: ई-८२०. बूट लोडर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीत चढवणारा छोटा प्रोग्रॅम, विचारतो, बायोस एक नोंद देतो आणि सोबत पुढच्या नोंदीची खूण. ती खूण परत देऊन लोडर पुन्हा विचारतो. खूण शून्य आली की यादी संपली. मूळ रचनेत नोंद वीस बाइटांची: आठ बाइट सुरुवातीचा पत्ता, आठ बाइट लांबी, चार बाइट प्रकार. सातबारा उताऱ्यात जसे गट क्रमांक, क्षेत्र आणि भोगवटा, तसेच. प्रकार एक म्हणजे वापरायला मोकळी, दोन म्हणजे राखीव, तीन म्हणजे आतली कोष्टके वाचून झाल्यावर मोकळी करता येईल अशी, चार म्हणजे कधीच हात लावू नये अशी, पाच म्हणजे खराब.

लिनक्सच्या यंत्रावर बूटच्या नोंदी उघडल्या की ही यादी अगदी सुरुवातीलाच दिसते. पहिली ओळ बऱ्याचदा शून्यापासून ६३९ केबीपर्यंत 'मोकळी' असते. हा आकडा १९८१ च्या आयबीएम पीसीकडून आलेला वारसा आहे. त्या यंत्राचा प्रोसेसर एकंदर एक एमबीपर्यंतचेच पत्ते ओळखे. त्यातले खालचे ६४० केबी प्रोग्रॅमला, वरचे ३८४ केबी पडदा आणि रॉमला. सहाशे चाळीसातला शेवटचा एक केबी पुढे बायोसने आपल्या टिपणांसाठी धरला. चाळीस वर्षांत मेमरी हजारो पटींनी वाढली, तरी हे कुंपण काही हललेले नाही.

मोठे भगदाड चार जीबीच्या अलीकडे असते. तिथले पत्ते ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड अशा उपकरणांना दिलेले असतात. त्यांच्याखाली झाकली जाणारी रॅम फर्मवेअर चार जीबीच्या पलीकडे नेऊन मांडतो. बत्तीस बिटांच्या विंडोज एक्सपीला त्या पलीकडचे काही दिसत नसे, म्हणून चार जीबी बसवूनही गिऱ्हाइकाला तीन-सव्वातीनच दिसत. आज आठ जीबीच्या लॅपटॉपवर साडेसात दिसले की तोच संशय दुकानदारावर येतो. पट्टीत खोट नसते. उरलेला भाग बहुधा ग्राफिक्सच्या नावे चढलेला असतो.

यूईएफआयमध्ये नोंदी चार केबीच्या पानांत मोजतात आणि प्रकारही वाढले आहेत. त्यातली एक अट पाहण्यासारखी आहे. ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीचा हा नकाशा मागते तेव्हा सोबत एक किल्ली मिळते. 'आता कारभार माझ्या हाती द्या' असे सांगताना ती किल्ली दाखवावी लागते. मधल्या काळात फर्मवेअरने मेमरीची उलथापालथ केली असेल तर किल्ली जुनी ठरते आणि विनंती नाकारली जाते. नकाशा नव्याने घ्यायचा, पुन्हा मागायचे. शिळ्या उताऱ्यावर ताबा मिळत नाही.

पण उतारा ताजा असला म्हणून खरा असतोच असे नाही. नोंदी एकमेकींवर चढलेल्या असतात, क्रम उलटसुलट असतो, मोकळी म्हटलेली जागा फर्मवेअर गुपचूप वापरत असतो. म्हणून लिनक्स आलेली यादी आधी निवडून-पाखडून घेतो. दोन नोंदींत वाद असला तर सावध बाजू धरतो. माणसालाही त्यात दुरुस्ती करता येते. तपासणीत पट्टीचा एखादा तुकडा खराब निघाला, तर तेवढा पट्टा राखीव धरण्याचा आदेश बूटच्या ओळीत लिहिता येतो आणि बाकीची पट्टी कामाला येते.

सुरुवातीची जागा काही बायोस कारभार सोपवल्यानंतरही खराब करत. लिनक्सने आधी तिथले थोडे थोडे तुकडे वगळून पाहिले. कुठले बायोस नेमके किती दूर हात घालतात, याचा थांग लागेना. अखेर २०२१ मध्ये यादी काहीही म्हणो, पहिला एक एमबी सरसकट राखीव धरायचे ठरले. आठ जीबीच्या यंत्रात हा तोटा ८१९२ भागांतला एक. दुसऱ्याने लिहून दिलेला कागद न तपासता वापरला तर काय जाऊ शकते, हे पाहता सौदा स्वस्तातलाच.