नुसतं ‘टक’ वाजलं म्हणून बॅटरी बदलू नका

टोमॅटोचे क्रेट भरून झालेत, वरून दोरी आवळून झालीय, नारायणगावचा बाजार गाठायचाय आणि चाबी फिरवल्यावर बोनेटखालून एकच आवाज येतो, ‘टक’. पुढे काही नाही. भोवती जमलेल्या चार जणांचं निदान तयारच असतं, ‘बॅटरी गेली’. हे निदान ऐकून मी माझ्या बारा वर्षं जुन्या, सेकंडहँड घेतलेल्या डिझेल पिकअपला एका वर्षात दोन बॅटऱ्या घातल्या. दोन्ही वेळा गाडी महिनाभर बरी चालली आणि पुन्हा ‘टक’वर आली. शेवटी दोष निघाला चासी आणि इंजिन यांना जोडणाऱ्या वीतभर लांबीच्या विणलेल्या तांब्याच्या पट्टीत. तिचे निम्मे धागे तुटले होते, चासीकडचा बोल्ट गंजला होता. पट्टी दीडशे रुपयांची.

त्या वर्षात जेवढं फुकट ज्ञान कानावर पडलं त्यातलं बरंचसं चुकीचं होतं. सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य असं, ‘हेडलाइट लख्ख लागतोय, म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे, सेल्फच गेलाय.’ मग सेल्फ (स्टार्टर मोटर) उतरतो, कार्बन बदलतात, बुश बदलतात, बिल होतं. यात हिशेब चुकतो तो अँपियरचा. साठ वॅटचा एक बल्ब पाच अँपियर घेतो. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ दोनशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त ओढतो. वाटेत कुठे एका ओहमचा नुसता शंभरावा भाग अडथळा असला, तर बल्बच्या वाट्याचा पाव व्होल्टसुद्धा कमी होत नाही, पण सेल्फच्या वाट्याचे दोन व्होल्ट तिथेच संपतात. शिवाय माझ्या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह केबल चासीला होती. हेडलाइटचा करंट चासीवरूनच परत जायचा, तुटक्या पट्टीशी त्याचा संबंधच नव्हता. सेल्फ मात्र इंजिनला बसवलेला, त्याला ती पट्टी ओलांडल्याशिवाय घरी जायला दुसरी वाट नाही.

वाट नसली की करंट आडवाटेने जातो. तीन-चारदा सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागली, तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. तार गरम व्हायला तिथे काय काम? इंजिनचा करंट तिच्यातून चासीत उतरत होता. जुन्या गाडीत अशी केबल कारण नसताना तापली, तर दुसरं काही बघायच्या आधी अर्थिंग, म्हणजे इंजिन आणि चासी जोडणारी ही पट्टी, बघा.

हेडलाइटची परीक्षा अगदी निरुपयोगी नाही, ती अर्धवट केली जाते एवढंच. लाइट लावून मग सेल्फ मारा. लाइट एकदम मिणमिणता झाला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचे टर्मिनल ढिले, पांढरे झालेले आहेत. लाइट तसाच लख्ख राहिला आणि इंजिन हललं नाही, तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही किंवा तिथून परत येत नाही. आवाजही बोलतो. ‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज म्हणजे सेल्फला करंट जोडणारा सोलेनॉइड ओढला जातोय, पण व्होल्टेज कोसळल्यामुळे लगेच सुटतोय. असं बहुतेक वेळा कमकुवत बॅटरीत किंवा टर्मिनलच्या दोषात होतं. एकच जाड ‘टक’ येत असेल तर जाड केबल, अर्थिंग, सोलेनॉइडचे जळलेले कॉन्टॅक्ट किंवा झिजलेले कार्बन यांच्याकडे बघावं. आवाजच नसेल तर इग्निशन स्विच, रिले आणि सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर.

खात्री हवी असेल तर काही शे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. तो २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा, क्लॅम्पवर नव्हे, कारण दोष खांब आणि क्लॅम्प यांच्या मधेही असू शकतो. लाल पिन इंजिनच्या रंग नसलेल्या, खरवडलेल्या धातूवर. गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेकवर आहे ना, ते बघून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग ठीक. माझ्याकडे २.७ आला होता. तीच तपासणी पॉझिटिव्ह बाजूला, बॅटरीचा खांब ते सेल्फचा बोल्ट अशी करा. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. पाच मिनिटांचं काम आहे आणि एक नटही सोडावा लागत नाही.

‘मीटर बारा दाखवतोय, म्हणजे फुल आहे’ हाही असाच एक समज. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकाचे २.१ धरले तर भरलेली बॅटरी १२.६ दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि बरोबर १२.० म्हणजे जेमतेम पाव. नुकतीच चालवून आणलेल्या गाडीत आकडा फुगलेला दिसतो, म्हणून रात्रभर उभ्या गाडीत सकाळी मोजावं. एवढ्यानेही पूर्ण खरं कळत नाही. सेल्फ मारताना बॅटरीच्या खांबांवरचा आकडा साडेनऊच्या खाली जाता कामा नये. भरलेली असून जात असेल, तर मात्र बॅटरी खुशाल बदला. चार्ज करूनही ती साडेदहालाच अडत असेल तर एक सेल बसलेला आहे. तिच्यात डिस्टिल्ड वॉटर ओतून काही होणार नाही, आणि ॲसिड तर मुळीच ओतू नये.

आता एक घातक प्रकार. गाडी चालू ठेवून बॅटरीचा टर्मिनल काढायचा, इंजिन बंद पडलं नाही तर ‘डायनामो चांगला’ म्हणायचं. जुने मिस्त्री हे बेधडक करायचे. अल्टरनेटरच्या व्होल्टेजला बॅटरीचा बांध असतो. तो अचानक काढला की व्होल्टेज क्षणात कितीतरी पटीने उसळतं, त्यात डायोड जातात आणि कॉमनरेलच्या गाडीत ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो. त्या एका वस्तूच्या किमतीत काही बॅटऱ्या येतील. चार्जिंग बघायचं तर इंजिन थोडं रेझ ठेवून बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.५ आलं की झालं.

चार्जिंगच्या लाल दिव्याबद्दलही उलटा समज आहे. ‘दिवा कधीच लागत नाही, म्हणजे चार्जिंग उत्तम.’ चाबी ऑन आणि इंजिन बंद, या स्थितीत तो लागलाच पाहिजे. बऱ्याच जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो. बल्ब उडालेला असेल तर अल्टरनेटर उशिरा जागा होतो किंवा होतच नाही, आणि पाच रुपयांच्या बल्बपायी माणूस अल्टरनेटर उतरवतो.

‘एका रात्रीत उतरते, म्हणजे बॅटरी करंट धरत नाही.’ धरत नसेलही, पण आधी गळती शोधा. सेकंडहँड पिकअपमध्ये आधीच्या प्रत्येक मालकाने काहीतरी जोडलेलं असतं. म्युझिकल हॉर्न, एलईडी पट्टी, टेप, केबिनमधला पंखा, सगळं टेप गुंडाळलेल्या पिळांनी. माझ्या गाडीत डॅशबोर्डखाली एक लाल वायर निघाली, जी कशालाच जोडलेली नव्हती, पण तिच्यात करंट होता. पाच वॅटचा एक दिवा राहिला तरी दिवसाला दहा अँपियर-तास जातात. सत्तर अँपियर-तासांची बॅटरी तीन-चार दिवसांत अर्ध्यावर येते. मग दहा मिनिटं गाडी चालू ठेवून ती भरते, असंही कुणी सांगतं. नाही भरत. अर्धी उतरलेली बॅटरी चार्जरवर रात्रभरच लावावी लागते.

फ्यूज सारखा उडतो म्हणून दहाच्या लाल फ्यूजच्या जागी तिसाचा हिरवा घालणाऱ्यांना एवढंच सांगतो, की फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो उडाला नाही, तर वायर जळते.

आणि धक्का मारून सुरू झाली, याचा अर्थ ‘बॅटरी गेली’ असा होत नाही. अर्थ एवढाच, की डिझेल येतंय, इंजिन बरं आहे, आणि दोष बॅटरी, केबल, स्विच, सेल्फ यांपैकी कशात तरी आहे.

सेकंडहँड पिकअप बघायला जाल तेव्हा चाबी हातात घेण्याआधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गाडी तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवलीय. मालकाला सांगा, उद्या सकाळी येतो, मी आल्याशिवाय चालू करू नका.