विषुववृत्ताजवळची दुर्मीळ वादळे

जगातील चक्रीवादळांचे मार्ग एकाच नकाशावर काढले, तर विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण ५ अंशांपर्यंतचा पट्टा जवळजवळ कोरा दिसतो. तिथला समुद्र भरपूर तापलेला असतो, बाष्पाला तोटा नसतो, गडगडाटी ढगही नेहमीचेच. तरीही वादळ आकाराला येत नाही, कारण हवेला गिरकी देणारे बळच तिथे नसते.

पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने वारे उत्तर गोलार्धात उजवीकडे, तर दक्षिण गोलार्धात डावीकडे वळतात. हा ‘कोरिऑलिस परिणाम’. कमी दाबाकडे धावणारी हवा त्यामुळे थेट केंद्रात न शिरता त्याभोवती फिरू लागते आणि कमी दाब टिकतो. ध्रुवांवर हा परिणाम सर्वाधिक असतो. मुंबईच्या अक्षांशावर तो ध्रुवांच्या सुमारे एक तृतीयांश, ५ अंशांवर जेमतेम ९ टक्के आणि विषुववृत्तावर शून्य होतो. तिथे हवा सरळ आत घुसते आणि कमी दाब भरून निघतो.

पण डिसेंबर २००१मध्ये ‘वामेई’ हे वादळ विषुववृत्तापासून अवघ्या दीड अंशावर, सिंगापूरजवळ जन्मले आणि मलेशियातील जोहोरच्या किनाऱ्यावर धडकले. दक्षिण चीन समुद्रातून जोरात आलेले ईशान्य मोसमी वारे बोर्निओजवळच्या भोवऱ्याला भिडले आणि पृथ्वीकडून न मिळालेली गिरकी त्यांच्यातून मिळाली. असे शतकातून फार तर एकदा घडेल, असा अंदाज शास्त्रज्ञांनी वर्तवला. तीनच वर्षांनी अरबी समुद्रात ‘अग्नी’ हे वादळ विषुववृत्ताच्या अगदी जवळ तयार झाले.

पट्ट्याच्या सीमेलगतची वादळेही घातक ठरतात. २०१७मधील ‘ओखी’ २९ नोव्हेंबरला श्रीलंकेजवळ कमी दाबाचा तीव्र पट्टा म्हणून आकाराला आले आणि दुसऱ्याच दिवशी कन्याकुमारीजवळ त्याचे चक्रीवादळ झाले. तोवर केरळ, तमिळनाडूचे असंख्य मच्छीमार खोल समुद्रात पोहोचले होते. शेकडो परतले नाहीत. काही बोटींनी थेट सिंधुदुर्गातील देवगड बंदराचा आसरा घेतला.

मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून १०-१२ किलोमीटरपुढे मिळत नाही. म्हणून २०१९मध्ये उपग्रहामार्फत बोटीवर इशारा पोहोचवणारे ‘जेमिनी’ हे उपकरण आणले गेले. नकाशावरचा कोरा पट्टा म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे, हे ‘ओखी’ने दाखवून दिले आहे.