विश्रामधामाचे वीजबिल : एक हिशेब

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुका हा कापसाचा मुलूख. मे महिन्यात येथील दुपारचा पारा ४२ अंशांच्याही वर चढतो. याच जिल्ह्यात टिपेश्वर अभयारण्य आहे. वाघ पाहण्यासाठी पर्यटक नेमके उन्हाळ्यात येतात, कारण पाणवठ्यांवर प्राणी दिसण्याची शक्यता तेव्हा अधिक असते. म्हणजे विश्रामधामाचा हंगाम आणि विजेच्या मागणीचा हंगाम एकच! अशा ठिकाणी मिळकतीचा मोठा वाटा वीजबिलात जातो. ही गळती कशी थांबवावी? गणित आणि भौतिकशास्त्र या दोन विषयांचा येथे चांगला उपयोग होतो.

वीज जाते कोठे?

उदाहरणादाखल राळेगाव परिसरात १० खोल्यांचे एक विश्रामधाम आहे असे समजू. तेथे ७५ वॅटचे २० पंखे रोज १२ तास चालतात. १,००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट खर्च होते, हे आपण जाणतोच. त्यानुसार पंख्यांचे १८ युनिट झाले. चोकसह ५० वॅट घेणाऱ्या ३० जुन्या नळ्या ६ तास जळतात, त्यांचे ९ युनिट. दीड टनाचे १० वातानुकूलक प्रत्येकी १,५०० वॅट घेतात. ते ८ तास सुरू असले तरी त्यांतील काँप्रेसर ७० टक्केच वेळ चालतो असे धरले, तर ८४ युनिट होतात. एकूण १११ युनिट. यांतील तीन चतुर्थांश वीज केवळ थंडाव्यासाठी लागते. म्हणून दिवे बदलून समाधान मानणाऱ्याचे बिल फारसे उतरत नाही.

दिवे आणि पंखे

तरीही दिव्यांपासून सुरुवात करणे सोपे असते. जुन्या तारेच्या दिव्यात बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते. एलईडी दिवा तेवढाच प्रकाश सुमारे सहाव्या-सातव्या हिश्श्याच्या विजेत देतो. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारची 'उजाला' योजना सुरू झाली. या दिव्यांची एकत्रित खरेदी केल्यामुळे एका दिव्याचा खरेदीदर २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरला. आपल्या ३० नळ्यांच्या जागी २० वॅटच्या एलईडी नळ्या लावल्या, तर ९ युनिटांचे ३.६ युनिट होतात.

नेहमीच्या पंख्यात प्रवर्तन मोटर असते. तिच्या फिरत्या भागात प्रवाह निर्माण करावा लागतो आणि त्यात बरीच ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. 'बीएलडीसी' पंख्यात फिरत्या भागावर कायमचुंबक असतात, त्यामुळे हा प्रवाह लागतच नाही. इलेक्ट्रॉनिक मंडल वेळच्या वेळी गुंडाळ्यांतील प्रवाह बदलते आणि पंखा ३० वॅटवर तेवढाच वारा देतो. १८ युनिटांचे ७.२ युनिट होतात.

असा पंखा ३,००० रुपयांना पडतो आणि युनिटचा दर १२ रुपये आहे असे धरू. रोज १२ तास, वर्षातून ३०० दिवस चालणारा पंखा १६२ युनिट म्हणजे १,९४४ रुपये वाचवतो. दीड-पावणेदोन वर्षांत किंमत वसूल होते. पण कोठीघरातील रोज तासभर चालणारा पंखा बदलला, तर त्याच वसुलीला १८ वर्षे लागतील! म्हणून कोणते उपकरण किती जुने आहे, हे पाहण्याआधी ते किती तास चालते ते पाहावे.

वातानुकूलक की कूलर?

विदर्भात कूलर घरोघर दिसतो. पाण्याचे बाष्पीभवन होताना दर लिटरमागे सुमारे २,४०० किलोज्यूल अप्रकट उष्मा हवेतून शोषला जातो. हा उष्मा ०.६७ युनिटाएवढा आहे. हवा ४२ अंश तापलेली आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर फुग्याभोवती ओले फडके गुंडाळलेला तापमापक सुमारे २४ अंश दाखवतो. कूलरला गाठता येईल अशी ही शेवटची मर्यादा. चांगला कूलर या १८ अंशांच्या फरकातील तीन चतुर्थांश अंतर कापतो आणि २८-२९ अंशांची हवा देतो. तोही केवळ २०० वॅटमध्ये.

मात्र कूलरला पाणी लागते आणि उन्हाळ्यात तेच दुर्मिळ असते. शिवाय पावसाळी दमट हवेत बाष्पीभवन मंदावते व कूलर निरुपयोगी ठरतो. म्हणून सर्व खोल्यांना एकच उपाय न लावता पाच खोल्यांत कूलर ठेवावेत, त्यांचे ८ युनिट होतील. उरलेल्या पाच खोल्यांतील वातानुकूलक २० ऐवजी २४ अंशांवर चालवावेत. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या अंदाजानुसार दर अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणजे ४२ युनिटांचे ३२ होतील. गच्चीला चुन्याचा पांढरा हात आणि पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली दिली, तर उष्णता आत येण्याआधीच अडते व खर्च आणखी उतरतो.

येथे एक अडचण आहे. वीज वापरतो पाहुणा, बिल भरतो मालक. मुंबईत १९९७ मध्ये विठ्ठल कामत यांनी सुरू केलेल्या 'ऑर्किड' हॉटेलात खोलीत हिरवे बटण ठेवले होते. पाहुण्याने ते स्वखुशीने दाबले की खोलीचे तापमान थोडे वाढे. पुढे १ जानेवारी २०२० पासून खोलीचे तारांकित वातानुकूलक मुळातच २४ अंशांवर सुरू व्हावेत, असा नियम झाला.

गरम पाणी

हिवाळ्यात थंडाव्याचा खर्च जातो आणि गीझर पुढे येतो. रोज ६०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचे, तर सुमारे १७ युनिट लागतात. सौर बंबाने उघडिपीच्या दिवसांत हा खर्च जवळजवळ शून्यावर येतो.

आधी काटकसर, मग सौरपट

सुधारणांनंतर उन्हाळी दिवसाचा हिशेब असा : दिवे ३.६, पंखे ७.२, कूलर ८, वातानुकूलक ३२. एकूण सुमारे ५१ युनिट. म्हणजे १११ मधील ६० युनिट वाचले. १२ रुपये दराने रोजचे ७२० रुपये!

छतावर सौरपट बसवायचे असतील, तर हा हिशेब अधिकच महत्त्वाचा. एक किलोवॅटचे पट रोज सरासरी ४ युनिट देतात. १११ युनिटांसाठी सुमारे २८ किलोवॅट लागतील, ५१ युनिटांसाठी १३. उधळपट्टी तशीच ठेवून पट बसवणे म्हणजे फुटक्या माठासाठी दुसरी विहीर खोदणे होय.

शेजारच्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात कोळसा जळतो. देशाच्या सरासरीने एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वाचलेल्या ६० युनिटांमुळे रोज ४२ किलो वायू कमी होईल.

वर्गासाठी प्रयोग

इलेक्ट्रॉनिक वीजमीटरवरील लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो, हा आकडा मीटरवर छापलेला असतो. तो ३,२०० असेल, तर इतर सर्व उपकरणे बंद ठेवून एकच पंखा पूर्ण वेगाने चालवावा व पाच मिनिटे लुकलुकी मोजाव्यात. ७५ वॅटचा पंखा २० वेळा लुकलुकवील, ३० वॅटचा ८ वेळा. मीटरला मात्र कोणीही हात लावू नये, मोजणी दुरूनच करावी. हीच पद्धत वापरून विद्यार्थ्यांनी शाळेतील उपकरणांची यादी करावी, प्रत्येकाचे वॅट आणि तास लिहावेत आणि कोणते आधी बदलावे ते मुख्याध्यापकांना हिशेबासह सांगावे.